चालतं, चालेल, चालायचंच

चांदवडला बहिणीकडे गेलो की भाची इंग्रजीचं पुस्तक घेऊन समोर बसते. परवा एका वाक्याशी अडली, 'द क्लॉक इज रनिंग स्लो.' "मामा, घड्याळ पळतंय, मग मागे कसं पडतं?"

खरंच की. इंग्रजांचं सगळं पळतं. नळ पळतो, दुकान पळतं, सर्दीत नाकसुद्धा पळतं. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशासाठी या एका 'रन'चे 645 अर्थ मोजल्याची बातमी 2011 मध्ये आली होती. आपल्याकडे हा भार 'चालणे' वाहतं, तेही दमानं. घड्याळ चालतं, संसार चालतो, पोट चालतं, तोंड तर थांबतच नाही. बाजार समितीत ट्रॅक्टर रांगेला लावून शेतकरी विचारतो, "काय चाललाय कांदा?" भाव पडला असेल तर समोरचा नुसती मान हलवतो.

भाचीनं मग पुढच्या वाक्यातल्या 'रन'चं भाषांतर करत वहीत लिहिलं, 'अहिल्याबाईंनी राज्य पळवलं.' शब्दाला शब्द बरोबर होता! मी तिला म्हटलं, बाईंनी 1767 ते 1795 राज्य चालवलं. इथला रंगमहाल त्यांचाच. पळवणारे इंग्रज 1818 साली आले.

या गावात एके काळी टांकसाळ होती. चांदवडी रुपया इथं पडायचा आणि बाजारपेठांतून हातोहात चालायचा. 1835 साली कंपनीचा एकछापी रुपया आला आणि चांदवडी हळूहळू चालेनासा झाला. नाण्याला पाय नसतात. लोकांचा भरवसा असतो तोवर ते चालतं.

"चहात साखर कमी पडली रे," बहीण आतून म्हणाली.

"चालेल."

"मामा, हे इंग्रजीत कसं म्हणायचं?" मी डोकं खाजवलं. 'इट विल रन' म्हटल्यावर भाची खोखो हसली. 'चालेल'मध्ये होकार असतो, थोडी तडजोड असते आणि समोरच्याला ओशाळं वाटू नये ही काळजीही. त्याचंच थकलेलं भावंड म्हणजे 'चालायचंच'. ते पीक गेल्यावर, माणूस गेल्यावर ओठांवर येतं.

संध्याकाळी पिशवी उचलली. बहीण दारात आली.

"चाललास, दादा?"

"येतो गं."

आग्रा रोडवर एसटी सुसाट पळणार होती, मी खिडकीशी नुसता बसून राहणार होतो; आणि तरी बहिणीच्या लेखी चाललो होतो मीच.