६६ नंबरचे स्वार

चि. सोनू हिस,


लेस्टरमध्ये बसून रात्र-रात्र जागून तू खेळण्यातल्या जुन्या शिपायांच्या नोंदी ऑनलाइन यादीत भरतेस, आणि अडलीस कुठे, तर ब्रिटन्स कंपनीच्या ६६ नंबरच्या संचावर. एका खोक्यावर 'फर्स्ट बॉम्बे लान्सर्स', दुसऱ्यावर 'थर्टीन्थ ड्यूक ऑफ कॅनॉट्स ओन लान्सर्स'. खरं नाव कुठलं, म्हणून विचारतेस.

दोन्ही खरी गं. सरसेनापती किचनरनं १९०३ मध्ये हिंदी फौजेची फेररचना केली तेव्हा फर्स्ट बॉम्बे लान्सर्सना ३१ हा क्रमांक मिळाला. पुढे ३१ आणि ३२ हे दोन रिसाले एकत्र केले, त्यांचा १३ झाला, म्हणजे तुझा 'थर्टीन्थ'. फाळणीत तो पाकिस्तानच्या वाट्याला गेला. म्हणजे मुंबईच्या नावाचे स्वार शेवटी सीमेपलीकडे, आणि त्यांच्या शिशाच्या प्रतिकृती तुझ्या टेबलावर!

तेव्हा दोन नोंदी एकीत ढकलू नकोस आणि कुठलंही नाव 'दुरुस्त' करू नकोस. ग्रंथालयात आयुष्यभर आम्ही कार्डं लिहिली ती याच शिस्तीनं: पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर जे छापलंय ते जसंच्या तसं उतरवायचं, चूक असली तरी. आपली भर चौकटी कंसात. तुझ्याकडे तर वेगवेगळे रकाने आहेत. खोक्यावर काय लिहिलंय ते एकात, हातातल्या शिपायात काय दिसतं ते दुसऱ्यात, इतिहास काय सांगतो ते तिसऱ्यात. हे तिन्ही एकमेकांत मिसळले की पुढच्या माणसाला ते कधीच सोडवता येत नाहीत.

दुसऱ्या रकान्यावर सगळ्यात जास्त वेळ घालव. लंडनच्या विल्यम ब्रिटननं १८९३ मध्ये पोकळ ओतकामाची युक्ती काढली. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, कडेचा थर धरला की आतलं परत ओतून काढायचं. धातू वाचला, शिपाई हलका आणि स्वस्त झाला, आणि भरीव शिपाई विकणाऱ्या जर्मन कारखान्यांची धांदल उडाली. म्हणून वजन लिही. ५४ मिलिमीटर उंची तर बहुतेकांची सारखीच, तिच्यावरून फारसं कळत नाही. हात वेगळा बसवलेला असेल तर तो मूळचा आहे का ते पाहा. दुसऱ्याच शिपायाचा हात लावलेला सापडतो, वर नवा रंगही चढवलेला असतो. तसं दिसलं तर राग न धरता नुसतं नोंदव. कुणीतरी खेळलं होतं त्याच्याशी.

'रिटायर्ड', म्हणजे उत्पादन बंद, या शिक्क्याबाबत मात्र कडक राहा. ब्रिटन्सनं १९६६ मध्ये शिशाचे शिपाई बंदच केले, तिथे वाद नाही. पण हाँगकाँगची किंग अँड कंट्री, १९८४ पासूनची, एकेक मालिका स्वतः निवृत्त करते. तिथे कंपनीनं जाहीर केलेली तारीखच धर. विक्रेत्याच्या म्हणण्यावर जाऊ नकोस, त्याला भाव वाढवायचा असतो. (निवृत्त मीही झाले, माझा भाव काही वाढला नाही.)

आणि हो, शिपाई बनवणाऱ्या जॉन जेंकिन्सनं १८०३ च्या असईच्या लढाईतलं मराठा पायदळ केलंय, ते यादीत भरताना जरा थांब. ढाल-तलवारीचे मावळे समजून आपलीच माणसं तिथे टॅग लावतील. तिथे लढलेले शिंद्यांचे कंपू, म्हणजे पलटणींचे गट, कवायती होते, बंदूक-संगिनीचे, आणि असईला त्यांच्यावर पोलमन नावाचा हॅनोव्हरचा माणूस होता. हे तिसऱ्या रकान्यात घाल. लढाईचं गाव आपल्या जालना जिल्ह्यात आहे, तेही लिही.

६६ नंबरच्या दोन्ही खोक्यांच्या लेबलांचे फोटो पाठव, आणि घोड्यांच्या पोटाखालचेही. अक्षरं असली तर तिथेच असतात. समोरून काढलेल्या फोटोत सगळे सारखेच देखणे दिसतात.

तुझी,
मावशी