दारापर्यंतची वाट

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला लोक तिथल्या उंच इमारतींविषयी आवर्जून विचारतात. अमेरिकेच्या दक्षिण भागातील जॉर्जिया राज्याची राजधानी अटलांटा येथेही अशा इमारतींची उणीव नाही. परंतु २००९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मूळचे सोलापूरचे एक स्थापत्य अभियंते त्या शहरी गेले, ते निराळ्याच इमारती पाहण्यासाठी. ते अमेरिकेतील एका खासगी कंपनीत नोकरीला होते. त्या कंपनीने आपल्या काही इमारती तेथील केंद्र सरकारला भाड्याने दिल्या होत्या. करारांची मुदत संपत आली होती. तीन दिवसांत सात इमारती पाहायच्या, त्यांच्या स्थितीचा अहवाल लिहायचा आणि परतायचे, असे त्यांच्या दौऱ्याचे स्वरूप होते.

सरकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मालक उभा राहतो, भाडेकरू नव्हे. प्रत्यक्षात कोणत्याही मोठ्या देशाचे सरकार भाडेकरूही असते. अमेरिकेत केंद्रीय कार्यालयांना जागा मिळवून देण्यासाठी १९४९ साली ‘जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन’ ही संस्था स्थापन झाली. काही इमारती ती स्वतः बांधते, तर अनेक ठिकाणी खासगी मालकांकडून जागा भाड्याने घेते. हा भाडेकरू भाडे नियमाने देतो. पण त्याच्या अटीही पुष्कळ असतात. जिने, अग्निशमनाची व्यवस्था, स्वच्छतागृहे, वाहनतळ, सारे काही मोजूनमापून पाहिले जाते. १९९५ साली ओक्लाहोमा शहरातील सरकारी इमारतीसमोर झालेल्या बॉम्बस्फोटात १६८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर सुरक्षिततेचे नियम अधिकच कडक झाले.

अभियंत्यांनी पाहिलेल्या इमारती दिसायला अगदी साध्या होत्या. महामार्गालगतच्या दोन-तीन मजली, करड्या भिंतींच्या. दारावरचा ध्वज दिसला नसता, तर आत सरकारी कचेरी आहे हे ओळखूही आले नसते. ते गच्चीवर चढत, छताच्या सांध्यांतून पाणी मुरते का ते पाहत, वातानुकूलन यंत्रांवरची वर्षे टिपून घेत. पहिले तीन अहवाल विनासायास लिहून झाले.

चौथ्या इमारतीत वृद्धांना आणि अपंगांना मिळणाऱ्या निर्वाहवेतनाचे कार्यालय होते. दाराशी दोन पायऱ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी चाकाच्या खुर्चीसाठी सिमेंटचा उतार, म्हणजे रॅम्प केलेला होता. अभियंते गाडीतून उतरले तेव्हा एक वृद्ध कृष्णवर्णीय स्त्री आपली खुर्ची हातांनी ढकलत त्या रॅम्पवर चढू पाहत होती. अर्ध्यावर तिचे हात थकले आणि खुर्ची मागे सरकू लागली. दाराजवळचा एक तरुण धावत आला आणि त्याने खुर्ची वर नेली. स्त्रीने त्याचे आभार मानले. मग मांडीवरची कागदांची पिशवी सावरत ती आत गेली.

अभियंत्यांनी मोजपट्टी काढली. जमिनीपासून दाराच्या उंबऱ्याची उंची १४ इंच भरली. रॅम्पची लांबी ९ फूट. नियम सोपा आहे : एक इंच चढण्यासाठी निदान एक फूट लांबी हवी. म्हणजे १४ इंचांसाठी १४ फूट. इथे ५ फूट कमी होते.

सोबतचे स्थानिक व्यवस्थापक म्हणाले, “हे अहवालात घेऊ नका. इतक्या वर्षांत एकही तक्रार आलेली नाही. आता लिहिलेत, तर करार अडेल. शिवाय इथे मदतीला कोणी ना कोणी असतेच.”

व्यवस्थापक वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या म्हणण्यात तथ्यही होते. त्या दिवशी मदतीला तो तरुण आलाच होता. तरीही अभियंते काही बोलले नाहीत. त्यांना सोलापूरची एक जुनी कचेरी आठवली.

त्यांचे वडील प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर अर्धांगवायूने त्यांचा एक पाय निकामी झाला. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून दर वर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागे. कचेरीला पाच दगडी पायऱ्या होत्या. वडील रिक्षातच बसून राहत आणि तेथील एक भला कारकून नोंदवही घेऊन खाली येई, त्यांची सही घेई, प्रकृतीची चौकशी करी. पुढे त्या कारकुनाची बदली झाली. नव्या माणसाने सांगितले, “सही टेबलासमोरच करावी लागेल.” त्या वर्षी मुलाने वडिलांना पाठीवर घेऊन त्या पायऱ्या चढल्या. ज्यांनी उभा जन्म मुलांना ताठ उभे राहायला शिकवले, ते गुरुजी चारचौघांत मान खाली घालून सही करत होते. माणसाच्या भलेपणावर उभी असलेली सोय माणूस बदलला की नाहीशी होते, हे मुलाला त्या दिवशी कळले.

संध्याकाळी ते शहराच्या जुन्या भागात फिरायला गेले. तेथे केंद्र सरकारच्या कार्यालयांचे एक विशाल संकुल आहे. १९२४ साली बांधलेली ‘रिचेस’ या प्रसिद्ध दुकानाची इमारत त्यात सामावून घेतलेली आहे. एके काळी या दुकानात कृष्णवर्णीयांना खरेदी करता येई. मात्र तेथील उपाहारगृहात बसून जेवता येत नसे. १९ ऑक्टोबर १९६० रोजी विद्यार्थ्यांनी तेथे शांततेने ठिय्या दिला. त्यांच्यासोबत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनाही अटक झाली. पुढच्याच वर्षी शहरातील दुकानांच्या उपाहारगृहांतील हा भेद संपला. ज्या ऑबर्न ॲव्हेन्यूवर डॉ. किंग यांचा १९२९ साली जन्म झाला, तो रस्ताही तिथून दूर नाही.

अभियंते त्या इमारतीसमोर बराच वेळ उभे होते. त्या काळी दार अडवणारा नियम होता आणि तो राखणारी माणसेही डोळ्यांना दिसत. चौथ्या इमारतीत कोणीच कोणाला अडवत नव्हते. केवळ ५ फूट काँक्रीट कमी होते. परंतु त्या वृद्ध स्त्रीच्या दुखऱ्या हातांना या फरकाचे काय सोयरसुतक? आणि जो दारापर्यंत पोहोचूच शकत नाही, त्याने आपली तक्रार कोठे नोंदवावी?

अमेरिकेने १९६८ साली कायदा करून सरकारी इमारतींतील असे अडथळे दूर करण्यास आरंभ केला. सरकारी पैशाने बांधलेल्या इमारतींबरोबर भाड्याच्या इमारतींनाही त्याच्या कक्षेत आणले गेले. १९९० साली आणखी व्यापक कायदा आला. आपल्या देशातही १९९५ साली आणि त्यानंतर २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचे कायदे झाले. परंतु कायदा कागदावर असतो. त्याला दाराशी आणून पोहोचवणारा शेवटचा माणूस बहुधा हातात मोजपट्टी घेतलेला एखादा सामान्य कर्मचारीच असतो. त्याने डोळेझाक केली, तर कायदा तिथेच थांबतो.

त्या रात्री चौथ्या इमारतीच्या अहवालात तीन ओळी लिहिल्या गेल्या : उंची १४ इंच, लांबी ९ फूट, दुरुस्ती आवश्यक. विशेषण एकही नव्हते.

कंपनीत नाराजी झाली. करार लांबला, खर्च वाढला आणि त्यानंतर अभियंत्यांना अशा दौऱ्यावर फारसे कोणी पाठवले नाही. दुसऱ्या वर्षीच्या वसंतात त्यांच्या टेबलावर एक छायाचित्र आले. जुना रॅम्प फोडून नवा बांधला होता. छायाचित्रात माणूस एकही नव्हता; होता तो केवळ करडा, लांबलचक उतार आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडे. अभियंत्यांनी ते छायाचित्र वडिलांच्या जुन्या फोटोशेजारी ठेवले आणि ते पुन्हा आपल्या कामाला लागले.