मुठींतला दुसरा गोळा

आषाढ लागला कीं आमच्या मलकापुरांत मुलांचें खेळणें घरांतच होतें. आंबा घाटाकडून आलेला पाऊस आठ-आठ दिवस हटत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत शाळेंतून आल्यावर आमचे बारा वर्षांचे चिरंजीव ओसरीवर मोबाइल घेऊन बसूं लागले. जादू शिकविणाऱ्या कोणा परदेशी गृहस्थाच्या चित्रफिती पाहणें चाललें होतें. प्रथम आम्ही रागावलों. पुढें, खरें सांगावयाचें तर, शेजारीं जाऊन बसलों.

पहिला पाठ नाणें नाहींसें करण्याचा. डाव्या हातांतील नाणें उजव्यानें उचलल्याचा भास करावयाचा. वस्तुतः तें डाव्यांतच गळून राहतें. यांतली मेख बोटांपेक्षां डोळ्यांत आहे. करणाराची नजर रिकाम्या उजव्या मुठीमागें गेली, तरच पाहणाराची जाते. १८७६ सालीं प्रोफेसर हॉफमन यांनीं ‘मॉडर्न मॅजिक’ हा ग्रंथ छापून ही विद्या उघडी केली, पण ग्रंथांतला हात हालत नाहीं. चित्रफीत मात्र हवी तेथें थांबवावी, मंद करावी, शंभरदां पाहावी. इतका सोशिक गुरु कोणास लाभला होता?

तथापि कॅमेरा एकाच जागेवरून पाहतो आणि घरचीं माणसें चोहोंकडे बसतात. चिरंजीवांच्या पहिल्याच प्रयोगांत डावीकडे बसलेल्या धाकट्या बहिणीनें नाणें तत्काळ दाखवून दिलें. मुलगा रडकुंडीस आला, तेव्हां आम्हीं त्यास दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. आडनांवाचीं अक्षरें उलटीं फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ या नांवानें ते जादूचे प्रयोग करीत. १९१६ सालीं त्या प्रयोगांचा लहानसा चित्रपटहि त्यांनीं काढला. पडद्यावर कॅमेरा थांबवून वस्तु गुप्त करितां येते. बहिणीपुढें ती सोय नाहीं!

आमच्या मातोश्रींची दृष्टि काचबिंदूनें बहुतेक गेली आहे. ‘आजीला काय दिसणार?’ असें म्हणून चिरंजीवांनीं त्यांना वगळलें, आणि तें आमच्या मनास लागलें. त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचें आम्हींहि कधींच सोडलें होतें. मुलास बोलावयास आम्हांला तोंड नव्हतें.

पुढें स्पंजच्या गोळ्यांचा पाठ आला. दोन गोळे दाबून एक म्हणून दुसऱ्याच्या मुठींत द्यावयाचे. मूठ उघडली कीं दोन निघतात. हा खेळ हातास कळणारा होता. जुन्या उशीचा स्पंज कापून चिरंजीव आजीपुढें बसले.

“आजी, हा एकच गोळा. मूठ घट्ट मीट हं.”

“अरे, दोन आहेत कीं!”

डोळसांस फसविणारी युक्ति त्या बोटांपुढें फसली, आणि यावर चित्रफितींत उपाय नव्हता. मग आठ दिवस मुलगा डोळे मिटून स्वतःच्याच तळहातावर गोळे दाबून पाहत होता. किती दाबावें, आजीचीं बोटें आपणच केव्हां मिटवावींत, त्या क्षणीं कोणता प्रश्न विचारावा, हें त्यानें एकट्यानें बसविलें.

दुसऱ्या वेळीं मूठ उघडतांच गोळे टपकन् फुलले. मातोश्रींनीं ते पुनःपुन्हां चाचपले, खुदकन् हंसल्या आणि म्हणाल्या, “पुन्हां कर.”

चिरंजीव गोळे उचलूं लागले तों हातास एकच लागला. गादी झाडली, पाट उचलला, बहिणीची झडतीहि झाली. दुसरा मातोश्रींच्या कनवटीस होता.