वळणाच्या बाहेरची बाजू

नाशिकच्या पश्चिमेकडील मुरमाड टेकड्यांत मोटारींची रॅली भरविण्याचे ठरले, की मार्शलच्या कामगिरीवर हजर राहण्याविषयीचे पत्र मला येई; आणि वाहन चालविण्यात मला स्वतःला विशेष गती नसतानाही, त्या धुरळ्याच्या व गर्जनेच्या लोभाने मी ते स्वीकारीत असे. या कामगिरीचा मोटारींशी संबंध लोक समजतात त्याहून पुष्कळच कमी. टप्प्याचा रस्ता रहदारीस बंद झाला की नेमून दिलेल्या वळणावर फीत ताणावयाची, पाहणीची ‘झिरो कार’ पुढे गेल्यावर शिट्टी तोंडाशी धरून उभे राहावयाचे, गेलेल्या प्रत्येक मोटारीचा क्रमांक टिपून घ्यावयाचा, आणि उरलेला सर्व वेळ माणसांची मनधरणी करावयाची, हे तिचे खरे स्वरूप.

मनधरणीचा प्रसंग बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूस उद्भवतो. सैल मुरमावर वेगाने वळणारी मोटार ताबा सुटला तर बाहेरच फेकली जाणार. म्हणून ती बाजू, रस्त्याहून खोलगट असलेली जागा आणि ज्या उंचवट्यावरून मोटार क्षणभर अधांतरी होते त्याच्या पुढचा पट्टा, ही तिन्ही स्थळे प्रेक्षकांस सक्त मना असतात. परंतु मोटारीचे तोंड आपल्याच रोखाने येत असल्याचा थरार नेमका तेथेच मिळतो, त्यामुळे गर्दीची पावले तिकडे वळतात यात तिची निव्वळ मूर्खता आहे, असे मला कधीच वाटले नाही.

आपल्या लोकांना शिस्त नाही, असा शेरा आयोजकांच्या बैठकीत हटकून ऐकू येतो, आणि तेव्हा मला १९८६ सालची पोर्तुगालची रॅली आठवते. सिंट्राच्या टेकड्यांत तेथील प्रेक्षक भर रस्त्यात उभे राहून, मोटार अगदी अंगावर येईतो थांबून, मग बाजूस सरत. अशा गर्दीत एक फोर्ड शिरली, तिघे मृत्यू पावले, तिसाहून अधिक जखमी झाले, आणि नामांकित चालकांनी पुढे स्पर्धेत उतरण्याचेच नाकारले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कॉर्सिकामध्ये हेन्री तोइव्होनेन व त्याचा सहचालक मरण पावल्यावर ‘ग्रुप बी’ वर्गातील त्या अतिवेगवान मोटारींवर पुढील हंगामापासून बंदी आली. (मोटारीस बंदी घालता येते, गर्दीस घालता येत नाही, हाही विचार त्यामागे असावा, अशी मला शंका आहे.) कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात १४ ऑगस्ट २०१० रोजी शर्यतीतील एक ट्रक उंचवट्यावरून उतरताना उलटला, आणि रस्त्यापासून काही फुटांवर उभ्या असलेल्यांपैकी आठ जण प्राणास मुकले, तेथे फीत तुटण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मध्ये अडसर असा काही नव्हताच. २०१९ मध्ये बाडमेर जिल्ह्यात एकाच कुटुंबातील तिघे मोटारसायकलवरून शर्यतीच्या रस्त्यावर आले आणि मृत्युमुखी पडले, ती कथा याहून निराळी. शर्यतीचा बंद रस्ता हा कोणाचा तरी रोजचा रस्ता असतो, ही गोष्ट परवाने व जाहीरनामे काढणाऱ्यांच्या ध्यानात फार क्वचित येते.

नाशिककडच्या अशाच एका रॅलीत माझ्या वळणावर सकाळी फितीच्या आत येऊन बसलेल्या मंडळींत तरुण होते तसे पागोट्याचे वृद्धही होते. मी नियम सांगितले, अपघातांचे दाखले दिले, टप्पाच रद्द होईल असा धाकही घालून पाहिला, तेव्हा एक म्हातारबाबा शांतपणे म्हणाले, “साहेब, इथं नको, तिथं नको, हे सकाळधरनं ऐकतोय. मंग उभं कुठं ऱ्हायचं, ते बी सांगा की.”

या प्रश्नाचे उत्तर माझ्या हाती दिलेल्या नकाशात नव्हते. त्यात मनाईच्या जागा तांबड्या शाईने रंगविल्या होत्या, मुभेची जागा एकही दाखविलेली नव्हती. वळणाच्या आतील बाजूस, रस्त्यापासून बरेच मागे, एक टेकाड होते. मी वायरलेसवरून सुरक्षाप्रमुखांची परवानगी घेतली आणि त्या बाबांनाच पुढे घालून सर्वांना वर नेले. कुरकुर झाली, लांबून काय दिसणार, असे तरुणांचे म्हणणे पडले. पहिली मोटार आली तेव्हा मात्र संपूर्ण वळणावर तिचे शेपूट कसे घसरते, चालक ते कसे सावरतो, आणि धुरळ्याचा लोट तिच्या मागे कसा उभा राहतो, हे सारे त्यांना सलग दिसले. खाली फितीपाशी त्यांच्या वाट्याला एक निमिषमात्र आवाज आणि डोळ्यांत माती, एवढेच आले असते. आरोळ्या वरून अधिक मोठ्या उठल्या, हे मी खाली उभा राहून स्वतः ऐकले. तरीही दोघे-तिघे मोबाइल घेऊन झुडपांआडून पुन्हा खाली उतरलेच, आणि त्यांच्यासाठी मला दोनदा शिट्टी फुंकत धावावे लागले. टेकाडाने सर्वांची हौस भागते, असा दावा मी करणार नाही.

संध्याकाळी बंदोबस्त उठल्यावर सरपंच भेटावयास आले. पुढील खेपेस टेकाडाची जागा आधीच साफ करून देण्याचे त्यांनी कबूल केले, आणि एक अट घातली: चहाची टपरी रस्त्याकडेला लावू द्यायची नाही, टेकाडावरच लावायची. “चहा वर असला की माणूस वर येतोच, साहेब, तुमच्या शिट्टीचं काम निम्मं होईल.” माझ्या अहवालात ही तजवीज मी शब्दशः नमूद केली. ती मंजूर होऊन आली, तेव्हा तिच्याखाली कचेरीतील कोणीतरी टपरीच्या भाड्याचा दर काय, अशी विचारणा केली होती.