उपसंहार लिहिताना

उर्दू शाळेत शिकवता शिकवता मी मराठीत एम.ए. करते आहे, हेच सहकाऱ्यांना कोडे होते. त्यात लघुप्रबंधाला विषय घेतला माधव जूलियन यांचा. एका शिक्षिकेने विचारलेच, "आपा, आपले कवी कमी पडले का?"

या निवडीला कारण होते. माधवराव पटवर्धन हे फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांचा फार्शी-मराठी कोश निघाला. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मूळ फारसीतून मराठीत आणल्या आणि १९३३ च्या 'गज्जलांजली'ने मराठी गझलेला वाट करून दिली. अशा माणसाबद्दल उर्दूच्या शिक्षिकेला आपलेपणा वाटणारच.

वह्या तपासून झाल्या, मुले झोपली की मी लिहायला बसे. तीन प्रकरणे भराभर झाली. चौथ्यापाशी हात थांबला. याच कवीचे 'भाषाशुद्धि-विवेक' हे पुस्तक १९३८ सालचे. मराठीत आलेले फारसी-अरबी शब्द दूर करावेत, या बाजूचे ते झाले होते. ज्यांनी हे शब्द निगुतीने गोळा केले, त्यांनीच? मन खट्टू झाले. 'परके' शब्द बाहेर काढण्याची भाषा आपल्या कानाला नुसती शब्दांपुरती ऐकू येत नाही, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

उपसंहाराचा कच्चा खर्डा वाचून मार्गदर्शक सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही फिर्यादी आहात की अभ्यासक?"

मी पुन्हा शब्दांकडे वळले. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत दप्तर मुलांच्या पाठीवर असते. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. राजीनामा तिकडे समझोत्याचा कागद, इकडे नोकरी सोडल्याचा. शेकडो वर्षे मराठी माणसांच्या तोंडी राहून हे शब्द बदलले, इथलेच झाले. त्यांना हाकलता येणार नाही. तसाच 'हे आमचे' म्हणून मलाही त्यांच्यावर वेगळा हक्क सांगता येणार नाही. ते मराठी आहेत, एवढेच खरे.

उपसंहारात हेच लिहिले. कवीच्या आयुष्यातली विसंगती झाकली नाही आणि त्यांना आरोपीही केले नाही. १९२५ चा कोश आणि १९३८ चे पुस्तक शेजारी शेजारी ठेवले. प्रबंध पूर्ण करणे म्हणजे सगळी उत्तरे मिळवणे नव्हे. हाती आलेल्या पुराव्यापुढे एक पाऊलही न टाकणे, हे मी त्या दहा पानांत शिकले.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, "तुमची मातृभाषा कोणती?"

म्हटले, "घरात उर्दू, सर. पण हा प्रबंध मला मराठीतच सुचला."

आता पाचवीच्या मराठीच्या तासाला मी असे शब्द फळ्यावर दोन रकान्यांत लिहिते, एकात उर्दू अर्थ, दुसऱ्यात मराठी. तिसरा रकाना मुलांनी भरायचा. त्यात घरी दादी-नानी तो शब्द कसा वापरते, ते लिहायचे.