आम्हांला उशिरा कळलेले गाणे

आम्ही पाचवीत वसतिगृहात दाखल झालो, त्या वर्षी इंग्रजीच्या सरांकडे एक टेपरेकॉर्डर होता. शनिवारी सायंकाळची वंदना व जेवण आटोपले, की सर तो व्हरांड्यात आणून ठेवीत. आधी भीमगीते लागत, आणि शेवटी हटकून एक इंग्रजी गाणे लागे : बीटल्स या ब्रिटिश चौकडीचे ‘हे ज्यूड’. त्यातील शब्द आम्हांस कळत नसत. परंतु अर्ध्या वाटेवर शब्द संपत आणि एकाच अक्षराचा घोष सुरू होई. तो मात्र आम्ही घसा फोडून गात असू.

आमच्या खोलीत एक मुलगा होता. त्याच्या आईवडिलांची ताटातूट झाली होती. रात्री तो गोधडीत तोंड खुपसून रडे. आम्ही त्याला ‘रडक्या’ म्हणत असू. शनिवारी तो खांबाला टेकून एकटाच बसे. गाणे लागले, की सर त्याच्याजवळ जाऊन बसत; का, ते आम्हांला उमगले नाही. दिवाळीच्या सुटीनंतर तो परतला नाही. त्याची पत्र्याची पेटी महिनाभर खाटेखाली होती. मग त्याचे मामा येऊन ती घेऊन गेले.

शाळा सोडून बरीच वर्षे लोटल्यावर त्या गाण्याची जन्मकथा आमच्या वाचनात आली. 1968 च्या उन्हाळ्यात बीटल्सपैकी जॉन लेनन व त्यांच्या पत्नी सिंथिया यांचा संसार मोडत होता. त्यांचा मुलगा ज्युलियन अवघा पाच वर्षांचा होता. लेनन यांचे सहकारी पॉल मॅकार्टनी स्वतः मोटार चालवीत वेब्रिज येथे त्या मायलेकरांच्या भेटीस निघाले, आणि वाटेतच त्या मुलाची समजूत घालणारे गाणे त्यांना सुचू लागले. आरंभी त्यातील नाव ‘ज्यूल्स’ होते. पुढे त्याचे ‘ज्यूड’ झाले.

त्यात खांद्याविषयी एक ओळ आहे. ती तात्पुरती भर समजून मॅकार्टनी बदलणार होते. लेनन यांनी ती राखावयास लावली. हे गाणे आपल्यालाच उद्देशून आहे, असे लेनन यांना वाटत राहिले. मुलासाठी रचलेले सांत्वन बापालाही लागू पडले.

1 ऑगस्ट रोजी लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत 36 वादकांचा ताफा बोलावण्यात आला. वादन झाल्यावर त्यांना टाळ्या वाजवून गाण्यात सामील होण्याची विनंती करण्यात आली. बहुतेकांनी ती मानली. एक जण मात्र नकार देऊन निघून गेला. त्या काळी गाणी साधारण तीन मिनिटांची असत. हे सात मिनिटांहून मोठे झाले आणि त्यातील निम्म्याहून अधिक वेळ त्या घोषाला मिळाला. अमेरिकेत ते नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले.

हे वाचताना आम्हांला व्हरांडा आठवला आणि सर कोणाशेजारी बसत तेही आठवले. बापाच्या मित्राने मोडत्या घरातील मुलासाठी रचलेले ते गाणे सर कोणासाठी लावीत, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले. लंडनचा तो वादक आपल्या इच्छेने निघून गेला. आमच्या मित्राला आम्ही बाजूस बसविले होते. ज्या घोषात शब्द न कळणाऱ्या आम्हांलाही जागा होती, त्यात ‘तूही ये’ एवढे त्याला म्हणणे आम्हांला जमले नाही.

शाळेच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आम्ही सरांचे ऋण मान्य करतो आणि त्या मित्राची क्षमा मागतो. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणास त्याचा ठावठिकाणा ठाऊक असल्यास एवढा निरोप पोहोचवावा : मेळाव्याच्या रात्री आम्ही तेच गाणे लावणार आहोत, आणि त्या खांबाजवळची जागा त्याच्यासाठी राखून आम्ही तिच्या दोन्ही बाजूंस बसणार आहोत.