दोन तोंडांची पेटी

आमचं घर पत्र्याचं. पाऊस आला की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणंदेखील ऐकू येत नाही. अशा घरात 'स्टुडिओ' थाटायचा म्हटल्यावर अण्णा हसले नसते तरच नवल! पण हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्याचं मराठीच्या सरांनी तासाला सांगितलं, आणि तेव्हापासून मला आजी दिसू लागली. तिच्या ओव्या कुणीच उतरून घेतलेल्या नाहीत, आणि गेल्या हिवाळ्यापासून तिला दम लागतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कांद्याच्या खळ्यावर जाऊन साठवलेले साडेनऊ हजार रुपये होते. ते घेऊन नाशिक गाठलं. सोबत धाकटा भाऊ. पैसे माझे, प्रश्न माझे. दुकानदार मात्र उत्तरं सगळी त्यालाच देत होता. त्यानं आधी कंडेन्सर माईक पुढे केला. हा माईक फार तिखट कानाचा. त्याला पेटीतून 48 व्होल्ट पुरवावे लागतात आणि बारीकसा श्वासही तो टिपतो. भिंतींना कापूस लावलेल्या खोलीत तो सोनं असेल. आमच्या घरात शेळी, विहिरीवरची मोटर आणि तापलेला पत्रा हे सगळे गायक त्यात आधी शिरले असते. मी डायनॅमिक माईक मागितला. आवाजानं त्यातला पडदा हलतो, पडद्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं लोहचुंबकात हलतं आणि वीज उमटते. त्याचा कान जरा जड, तोंडाजवळ धरावा लागतो. "ते लाऊडस्पीकरवाल्यांचं काम," दुकानदार भावाला म्हणाला.

खरी पंचाईत पेटीची. माईकची वीज सेकंदाला 44,100 वेळा मोजून तिचे आकडे कॉम्प्युटरला देणारी ही पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस. एका तोंडाची स्वस्त होती. उरलेल्या पैशांत माईकचा स्टँडही आला असता. पैसे मोजायला घेतले आणि आजीचं बोलणं आठवलं. ओव्या सांग म्हटलं की ती म्हणते, "दळण नाही तर गळा कशानं चालंल?" म्हणजे गळ्याला एक माईक हवा आणि जात्याला एक. मी दोन तोंडांची घेतली. कान झाकणारा हेडफोन घेतला आणि पैसे संपले. दुसरा माईक भजनी मंडळाचा मागून आणला, स्टँडऐवजी उसाचं टिपरं. ऑडॅसिटी हा प्रोग्राम फुकट मिळतो, लॅपटॉप चुलतभावाचा. गौहर जानची 1902 सालची रेकॉर्डसुद्धा कलकत्त्याच्या हॉटेलातल्या खोलीत, कर्ण्यात गाऊनच झाली होती, असं मी अण्णांना ऐकवलं. अण्णा म्हणाले, "तिथं पत्रा नसंल."

गिरणी आल्यापासून जातं कोपऱ्यात पडून होतं. त्याला नवा खुंटा ठोकला, दोरीवर गोधड्या टांगल्या. असला माईक समोरचं जास्त ऐकतो, पाठीमागचं कमी. म्हणून आजीच्या माईकची पाठ जात्याकडे केली. आजी बसली आणि गप्पच. "हे काय तोंडाशी धरलंय?" शेवटी काकू समोर बसली, दोघींनी खुंटा धरला, मूठभर बाजरी पडली, आणि आजी माईक विसरली.

तेवीस ओव्या झाल्या. सातवीनंतर आजीला दम लागतो. ती थांबते, आणि काकू एकटीच जातं ओढत राहते. तेवढा वेळ नुसती घरघर आणि आजीचा श्वास ऐकू येतो. चुलतभाऊ म्हणतो, तेवढं कापून टाक. मी कापलेलं नाही.

सध्या पाऊस लागला आहे, पत्र्यामुळे काम बंद. आजी मात्र रोज सकाळी विचारते, "दळण कधी काढायचं?"